भंगारातलं हेड बसवू का?

प्रश्न: बाबांची १९७२ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू अजून घरी आहे, १४८९ सीसी पेट्रोल. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना दम टाकते. एका भंगारवाल्याकडे दोन हेडं (इंजिनाच्या वर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आहेत: एक दुसऱ्या अ‍ॅम्बेसेडरचं, दुसरं काँटेसाच्या इसुझू इंजिनाचं. तो म्हणतो, इसुझूचं बसवा, गाडी उडेल. काय करू?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर: इसुझूचं हेड त्याच्याकडेच राहू द्या, भाऊ. ते १८१७ सीसीच्या इंजिनाचं, त्यात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडातच बसलेला असतो. तुमचा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये; तिथून पुशरॉड नावाच्या काड्या वर येऊन रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे हात, हलवतात. बोल्टाची भोकंसुद्धा जुळायची नाहीत.

राहिलं अ‍ॅम्बेसेडरचं. ते तुमच्यावर बसेल, पण तुमच्याकडे आहे तेच ते. पाच पोर्ट, म्हणजे हवा-धुराच्या वाटा, सगळे एकाच बाजूला. त्यातले आत घेणारे दोनच, म्हणजे दोन-दोन सिलिंडर एकेका नाकानं श्वास घेतात. नुसतं बदलून ताकद वाढत नाही. वाढते ती त्यावर केलेल्या कामानं, आणि काम करण्याजोगं आहे की नाही हे रंगावरून कळत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. भंगारातून आणलेलं, चंदेरी रंग मारलेलं एक हेड मी हौसेनं बसवलं. मे महिना, दुपार, बुटीबोरीच्या अलीकडे काटा लालमध्ये गेला. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाण्यावर तेल तरंगत होतं, पोह्यावरच्या तर्रीसारखं. रंग खरवडला तेव्हा दोन व्हॉल्व्हच्या मधली चीर दिसली, वर एपॉक्सी भरलेलं. तेव्हापासून रंगवलेलं हेड दिसलं की मी आधी पॉलिश पेपर काढतो. आपल्याकडचा उन्हाळा आणि रेडिएटरमध्ये ओतलेलं बोअरचं पाणी, दोन्ही या हेडांचे वैरी. पाण्याच्या वाटा खारानं बुजतात, हेड तापतं, चिरतं.

म्हणून सौदा असा करा: प्रेशर टेस्टमध्ये (दाब देऊन गळती पाहतात ती) पास झालं तरच पैसे. हिंगणा एमआयडीसीत मशीनशॉपची कमी नाही. तिथे चिरा आणि वाक दोन्ही तपासून घ्या. मग व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या. आणि व्हॉल्व्ह टेकतो तिथे सीट रिंग तर बसवाच. हे हेड बिडाचं, व्हॉल्व्ह थेट बिडावर आपटतात. जुन्या पेट्रोलमधलं शिसं त्या सीटांना सांभाळायचं. २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं, तेव्हापासून सीट झिजून व्हॉल्व्ह हेडात रुतत जातात. कडक रिंग बसली की तो प्रश्न मिटतो. खर्च हेडाच्या किमतीपेक्षा जास्त येईल, पण खरी सुधारणा तीच.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट दाबतो ते. तुमच्या एका सिलिंडरचे ३७२ सीसी. पिस्टन वर आल्यावर, गॅस्केटची जाडी धरून, ६० सीसी जागा उरत असेल तर ४३२ भागिले ६०, म्हणजे ७.२. तीच जागा ५२ केली तर ८.१च्या पुढे. फेसिंग करून, म्हणजे हेडाची खालची बाजू मशीनवर घासून, हे साधतं, आणि आजच्या साध्या पेट्रोलवर एवढं चालून जातं. मात्र आधी मोजा. भंगारातलं हेड पूर्वी किती वेळा घासलंय, कोणाला ठाऊक? चेंबरवर, म्हणजे पेट्रोल जळतं त्या हेडातल्या खळग्यावर, कडेनं ग्रीस लावून भोक पाडलेला अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवायचा, सिरिंजनं रॉकेल भरायचं, किती सीसी मावलं ते चारही आकडे लिहायचे. चेंबरचा आकार पत्त्यातल्या बदामासारखा आहे, इंग्लंडच्या हॅरी वेस्लेकची ती करामत. दोन व्हॉल्व्हमध्ये आत आलेलं टोक हवा घुसळतं. पॉलिशच्या नादात ते घासू नका. फेसिंग जास्त झालं तर रॉकरच्या पायांखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या, लागतील.

रॉकरचे काही नट हेडही धरून ठेवतात. रॉकर काढायचा म्हणून तेवढेच ढिले केले तर हेड वाकतं. पाणी काढून सगळे थोडे थोडे सोडायचे, बसवताना मधून बाहेर आवळायचे. गॅरेजमधला पोरगा नवखा असेल तर उभं राहून करवून घ्या.

बाबांचं मूळ हेड विकू नका. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे आरसीला धक्का नाही. पण गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. उद्या व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए नंबर-मालिकेत नोंदवायची झाली तर मूळ रूपच विचारतात.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम. इंजिन गरम करून चारही सिलिंडरमधला कॉम्प्रेशनचा दाब गेजनं मोजा. जिथे कमी येईल तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह. रिंगाच गेल्या असतील तर भंगारवाल्याकडे जाऊच नका, ते पैसे ब्लॉकला लागतील.