पंपावर नाव कोणाचं, ते नंतर ठरवू

पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेच्या कामात कंपन्यांनी मदतसंस्थांबरोबर कसं उतरावं, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमचा पंप बनवण्याचा कारखाना आहे. पन्नासाव्या वर्षानिमित्त टंचाईग्रस्त भागांत शंभर हातपंप बसवून द्यायचे आहेत. त्यासाठी संस्था कशी निवडावी?

आधी तो शंभराचा आकडा बाजूला ठेवा. तो तुमच्या वर्धापनदिनाला शोभतो, पण जमिनीखालच्या पाण्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. पंप बसवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. 2009 मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या वीस देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा तिथले साधारण एक तृतीयांश हातपंप बंद निघाले. वायसर झिजतो, रॉड तुटतो, सुटा भाग जवळपास मिळत नाही, मिळाला तर पैसे कोणी द्यायचे हे ठरलेलं नसतं. बसवणाऱ्याने तोवर फोटो काढून अहवाल छापलेला असतो.

‘प्लेपंप’ची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती पुन्हा सांगण्यासारखी आहे. मुलांनी खेळायचं फिरतं चक्र, त्यावर चालणारा पंप, वर टाकी आणि टाकीच्या चारही बाजूंना फलक. जाहिरातींच्या पैशातून देखभाल, म्हणजे कागदावर चोख धंदा. 2006 मध्ये अमेरिकी सरकार आणि काही प्रतिष्ठानांनी मिळून 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर केले आणि 2010 पर्यंत आफ्रिकेत 4,000 पंपांचं लक्ष्य ठेवलं. पण आडगावातल्या टाकीवर जाहिरात द्यायला कोण येणार? मुलं कंटाळली की बायकांनाच ते चक्र ढकलावं लागे. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ दैनिकाने हिशेब मांडला: एका पंपाकडून ठरवलेल्या 2,500 लोकांना किमान पाणी मिळायचं तर मुलांनी रोज 27 तास खेळायला हवं! पैसे घालणाऱ्या केस फाउंडेशनने 2010 मध्ये अपेक्षित यश आलं नसल्याचं जाहीरपणे मान्य केलं. देणगीदारांकडून अशी कबुली क्वचितच येते.

याउलट उदाहरण तुमच्याच धंद्यातलं आहे. 1970च्या दशकात युनिसेफ, सरकारी यंत्रणा आणि ‘रिचर्डसन अँड क्रुडास’ हा कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप घडवला. त्याचा पाया होता सोलापूर पंप. आराखडा कोणाच्या मालकीचा ठेवला नाही, मापं प्रमाणित केली, त्यामुळे कुठल्याही कारखान्याला तो बनवता आला आणि एकाचा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला. जगभर तो पसरला, त्याला हे मोठं कारण. तुमचा पंप कदाचित त्याहून सरस असेल, पण त्या भागात ज्याचे सुटे भाग मिळतात आणि जो खोलता येणारा मिस्त्री तिथे आहे, तोच पंप द्या. मग तो स्पर्धकाचा असला तरी.

आता संस्थेबद्दल. तिला एकच यादी मागा: पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या पंपांपैकी आज कोणते चालू आहेत, कोणते बंद, आणि बंद असतील तर का. अशी यादी जिच्याकडे तयार आहे, ती संस्था कामाची, मग यादीत बंद पंप का असेनात. ‘सगळे उत्तम चालू आहेत’ असं तोंडी उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. आणि पाणी तपासल्याशिवाय पंपाला हात लावू नका. बांगलादेशात 1970च्या दशकापासून गढूळ तळ्यांना पर्याय म्हणून सद्हेतूने लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यातल्या कित्येकांच्या पाण्यात आर्सेनिक हे विष असल्याचं 1993 मध्ये ध्यानात आलं. चव, रंग, वास यांवरून ते कळत नाही.

पूर किंवा भूकंप झाला की आम्ही बाटलीबंद पाण्याचे ट्रक पाठवतो. संस्था आता ‘नको’ म्हणतात. का?

वजनामुळे. मदतसंस्थांनी मिळून ठरवलेली ‘स्फिअर’ मानकं माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी सांगतात. पिणं, स्वयंपाक आणि अंग धुणं सगळं त्यात आलं. दहा हजारांच्या छावणीला म्हणजे रोज दीड लाख लिटर, म्हणजेच 150 टन. एवढं ओझं बाटल्यांतून किती दिवस वाहणार? शिवाय तोच रस्ता औषधांच्या आणि तंबूंच्या गाड्यांना हवा असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत बाटल्या कामी येतात, त्यानंतर जिथलं पाणी तिथेच शुद्ध करावं लागतं.

प्रॉक्टर अँड गॅम्बलची शुद्धीकरणाची पुडी पाहा. चार ग्रॅमची, त्यात गाळ खाली बसवणारं लोहाचं क्षार आणि क्लोरीन देणारी पावडर. दहा लिटर गढूळ पाण्यात टाकून पाच मिनिटं ढवळायचं, कापडातून गाळायचं, वीस मिनिटं थांबायचं. दहा हजार लिटर पाणी बाटल्यांतून न्यायला दहा टन ओझं. तेवढ्याच पाण्याच्या पुड्या चार किलो. गंमत म्हणजे ही पुडी बाजारात चालली नाही. मग कंपनीने ती ना-नफा तत्त्वावर मदतसंस्थांमार्फत वाटायला घेतली आणि तिथे तिला खरा उपयोग सापडला. अर्थात पुडी हातात ठेवून भागत नाही. घरात दोन भांडी आणि गाळायला स्वच्छ कापड हवं, करून दाखवणारं माणूस हवं. ते माणूस संस्थेकडे असतं.

तुमच्याकडे ट्रक आहेत, गोदामं आहेत, चालक आहेत. तीच देणगी द्या. आपत्तीच्या आधी करार करून ठेवा की अमुक तासांत इतक्या गाड्या, संस्था सांगेल त्या मालासाठी. रिकामे, झाकणाचे, अरुंद तोंडाचे कॅनही फार उपयोगी पडतात, कारण नळापर्यंत शुद्ध असलेलं पाणी बरेचदा घरातल्या उघड्या भांड्यात हात बुडाला की बिघडतं.

‘प्रत्येक बाटलीमागे काही पैसे पाणीप्रकल्पाला’ अशा योजनांचा उपयोग होतो का?

थोडा. स्टारबक्सच्या ‘इथॉस’ पाण्याच्या बाटलीमागे पाच सेंट जात. किमतीच्या मानाने ते फारच कमी, अशी टीका झाली आणि ती मला पटते. पैसे द्यायचेच तर विक्रीला न बांधता द्या. खप घटला म्हणून कुठल्यातरी वस्तीतली दुरुस्ती थांबणं बरं नव्हे.

मी एका छोट्या संस्थेत काम करते. एक पेयनिर्मिती कंपनी आम्हाला तीन वर्षांचा निधी देऊ करते आहे. पण तिचा कारखाना आमच्याच परिसरातलं भूजल उपसतो. पैसे घ्यावेत का?

घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण आधी तीन गोष्टी कागदावर येऊ द्या. कारखाना किती उपसतो आणि किती सांडपाणी सोडतो, ते आकडे कंपनीने खुले करावेत. तुमच्या पाणीतपासण्या कंपनीला न विचारता प्रसिद्ध करण्याचा हक्क तुमचा राहावा. आणि वाद झाला तर तुमचं तोंड बंद करणारं कलम करारात नसावं. कंपनीचा वकील तिसऱ्या मुद्द्यावर अडतो, असा माझा अनुभव. तिथे हटू नका.

आणखी एक साधी कसोटी. तिच्या कारखान्यात, कंत्राटी कामगारांना, माल पुरवणाऱ्यांच्या शेतांवर पाणी, शौचालय आणि हात धुण्याची सोय आहे का? 2013 पासून कंपन्यांच्या एका जागतिक परिषदेची याच विषयावरची प्रतिज्ञा आहे. सही केलेल्या कंपनीने आपल्या जागांत ही सोय तीन वर्षांत करायची असते. तुमच्या देणगीदाराने सही केली आहे का, विचारा. स्वतःच्या फाटकाआत शौचालय नाही आणि बाहेर स्वच्छतेचे फलक, हे ढोंग लोकांच्या लगेच लक्षात येतं आणि बट्टा तुमच्या नावाला लागतो.

शौचालयं बांधून दिली की स्वच्छतेचा प्रश्न सुटला, असं आमच्या संचालक मंडळाला वाटतं. त्यांना काय सांगू?

त्यांना विचारा, खड्डा भरल्यावर मैला कुठे जातो? 2022 च्या अंदाजानुसार जगात साडेतीन अब्ज लोकांना सुरक्षित स्वच्छतासेवा नव्हती. त्यांतल्या पुष्कळांकडे शौचालय होतं. ‘सुरक्षित’ म्हणजे मैल्याची शेवटपर्यंत नीट विल्हेवाट लागणं. हैतीत ऑक्टोबर 2010 मध्ये पटकी (कॉलरा) पसरली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण नदीत पोहोचली होती. मैला उपसायचं काम कंत्राटदाराकडे होतं आणि तो टाकायचा खड्डा उघडा होता. सुमारे दहा हजार माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांना आपली भूमिका मान्य करायला 2016 उजाडलं. तळावर शौचालयं होती, बरं का.

म्हणून कंपन्यांनी खरं लक्ष घालावं ते उपसा, वाहतूक आणि प्रक्रियेत. तिथे रोजचं वेळापत्रक, गाड्या, वसुली, तक्रारनिवारण लागतं, आणि हे धंदेवाल्यांना जमतं. घानातल्या कुमासी शहरात युनिलिव्हर आणि ‘वॉटर अँड सॅनिटेशन फॉर द अर्बन पुअर’ यांनी मिळून ‘क्लीन टीम’ सुरू केली. घरात भाड्याने शौचालय, ठरलेल्या दिवशी भरलेला डबा नेऊन रिकामा ठेवायचा. अशा सेवेत ग्राहकाच्या शुल्कातून सगळा खर्च सहसा निघत नाही, उरलेला भार सार्वजनिक पैशाने उचलावा लागतो. मंडळाला ते आधीच सांगा, म्हणजे दुसऱ्या वर्षी ‘नफा का नाही’ म्हणून हात आखडता घेतला जाणार नाही. मैला उपसणाऱ्यांचे हातमोजे, बूट, लसी आणि विमा हे अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर घाला.

आमचे अभियंते सुट्टी काढून प्रत्यक्ष जाऊन विहीर खोदायला तयार आहेत. पाठवू का?

खोदणारे हात तिथे असतात. 1981 मध्ये ब्रिटनमधल्या पाणीपुरवठा उद्योगातल्या लोकांनी ‘वॉटरएड’ ही मदतसंस्था उभी केली. त्या उद्योगाकडे देण्यासारखं होतं ते पाणी चालवण्याचं ज्ञान. तुमचे अभियंते गळती शोधू शकतात, पंपाची वीज कमी करू शकतात, तपासणीच्या नोंदी नीट लावून देऊ शकतात. वर्षभर आठवड्याचे दोन तास, फोनवर, एकाच शहराच्या पाणीविभागातल्या त्याच दोन-तीन माणसांशी. संस्थेला आधी विचारा की कुठला हिशेब किंवा कुठलं यंत्र तुम्हाला छळतंय, आणि उत्तर येईपर्यंत तिकिटं काढू नका.