नॅनोट्यूबची पावडर पहिल्यांदा हाताळणार असशील तर

आधी सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे मालाबरोबर येणाऱ्या धोक्यांच्या माहितीपत्रकावर, डोळे झाकून विसंबू नकोस. कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) शीटवर पुष्कळदा ग्रॅफाइट किंवा कार्बन ब्लॅकची (काजळीसारख्या कार्बनच्या भुकटीची) हवेतल्या प्रमाणाची मर्यादा छापलेली असते. कार्बन ब्लॅकची अमेरिकेतली कायदेशीर मर्यादा घनमीटरला 3.5 मिलिग्रॅम, नॅनोट्यूबसाठी तिथल्याच नायोश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेची शिफारस आहे 1 मायक्रोग्रॅम, आठ तासांची सरासरी. साडेतीन हजार पटींचा फरक! कारण उंदरांच्या फुफ्फुसांत या ट्यूबमुळे दाह आणि फायब्रोसिस (ऊती कडक होऊन व्रण पडणं) दिसला आहे.

कोरडी पावडर उघड्या टेबलावर कधीच तोलू नकोस. स्थिर विजेमुळे ती झाकण काढताच उडते. तराजू फ्यूम हूडमध्ये (हवा आत ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात), त्याची पुढची सरकती काच शक्य तितकी खाली, हवेचा वेग सेकंदाला साधारण 0.4 ते 0.6 मीटर. वेग वाढवला की सुरक्षा वाढते हा गैरसमज आहे. भोवरे होऊन पावडर उलट तोंडावर येते. द्रवात मिसळलेला माल मिळत असेल तर तोच मागव.

पण ओलं म्हणजे निर्धोक नाही. उघड्या बीकरमध्ये सोनिकेटर (ध्वनिलहरींनी द्रव ढवळणारं यंत्र) चालवलास तर तुषारांबरोबर ट्यूबही उडतात, आणि नेमकं तिथेच लोक निवांत असतात. झाकण लाव, हूडमध्येच चालव.

सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही. एन95 घे, फिट तपासून. दाढी असेल तर कडेने गळतो. नायट्राइलचे दोन हातमोजे, वरचा बाहीवर चढवलेला. सांडलं तर झाडू नाही, कॉम्प्रेसरची हवा तर नाहीच: ओल्या टिश्यूने पुसायचं, टिश्यू बंद पिशवीत लेबल लावून.