वाचकांचे प्रश्न : लष्करी वैद्यकीय संशोधन आणि शत्रूची औषधे

प्रश्न : लष्कराच्या वैद्यकीय संशोधनाचे प्रमुख असलेले शास्त्रज्ञ शत्रूच्या तंत्रज्ञानाचीही माहिती मिळवत असत, असे वाचनात आले. डॉक्टरांचा या कामाशी काय संबंध? एखाद्या उदाहरणासह सांगावे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : हा संबंध समजून घेण्यासाठी नील हॅमिल्टन फेअरली या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांची कारकीर्द पाहावी. १९२२ मध्ये ते मुंबईत आले आणि परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजेच आजच्या हाफकिन संस्थेत, स्प्रू (अन्नाचे नीट शोषण होऊ न देणारा आतड्यांचा विकार), नारू अशा रोगांचा अभ्यास करू लागले. पुढे त्यांना स्वतःलाच स्प्रू झाल्यामुळे भारत सोडावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियन सैन्याचे वैद्यकीय सल्लागार होते. १९४१ मध्ये ग्रीसच्या मोहिमेपूर्वी त्यांनी व कर्नल बॉइड यांनी तेथील हिवतापाच्या धोक्याचा अहवाल दिला. सेनापती वेव्हेल यांना तो आधी रुचला नाही, तरी नंतर त्यांनी योजना बदलली. शत्रूच्या तोफांइतकीच तेथील डासांचीही माहिती युद्धाच्या आखणीत धरली पाहिजे, हे सेनापतीला पटवून देणे हेच या पदाचे सर्वांत अवघड काम असावे, असे मला वाटते.

१९४२ मध्ये जपानने जावा जिंकले आणि जगाला क्विनीन हे हिवतापावरील औषध पुरवणारे सिंकोना झाडांचे मळे दोस्त राष्ट्रांच्या हातचे गेले. फेअरली यांनी तत्पूर्वी तेथे क्विनीनचा मोठा साठा खरेदी केला होता, पण तो ऑस्ट्रेलियाला पोहोचलाच नाही. उरली ती अ‍ॅटेब्रिन या हिवतापावरील कृत्रिम औषधाची पिवळी गोळी, जी मुळात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी शोधली होती. तिची योग्य मात्रा ठरवण्यासाठी १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातील केर्न्स येथे फेअरली यांचे संशोधन पथक उभे राहिले. स्वेच्छेने पुढे आलेल्या सैनिकांना रोज गोळी देऊन हिवतापाचे जंतू असलेले डास चावू दिले जात, त्यांना डोंगरांतून चालवले जाई, थंड खोलीत ठेवले जाई. पुढे त्यांचे रक्त दुसऱ्या स्वयंसेवकाच्या शरीरात सोडून जंतू खरोखर उरले नाहीत ना, याची खात्री केली जाई. आजच्या नीतिनियमांत असे प्रयोग सहजासहजी बसणार नाहीत, आणि त्या सैनिकांचे ऋण म्हणूनच मोठे आहे. रोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी नियमित घेतल्यास सैनिक लढण्याजोगा राहतो, हे त्यातून सिद्ध झाले.

आता तंत्रज्ञानाच्या माहितीविषयी. १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील ट्युनिस शहर दोस्त राष्ट्रांच्या हाती आल्यावर तेथील फ्रेंच डॉक्टरांकडून सोंटोकिन नावाच्या हिवतापावरील जर्मन औषधाच्या गोळ्या अमेरिकनांना मिळाल्या. तपासणीअंती कळले की हेच संयुग अमेरिकेतील नोंदींमध्ये आधीपासून होते. ते केवळ बाजूला पडले होते. मग त्याच कुळातील संयुगे पुन्हा तपासली गेली आणि त्यांतून क्लोरोक्विन हे हिवतापावरील औषध पुढे आले, जे हान्स आंडरझाग यांनी १९३४ मध्येच जर्मनीत तयार केले होते. गुप्त माहिती म्हणजे केवळ हेरगिरी नव्हे. कपाटातील कागद जाणकाराच्या नजरेखालून जाणे हाही तिचाच भाग आहे.

१९४५ मध्ये न्यू गिनीतील वेवाक भागात गोळ्या चालू असतानाही हिवताप पसरला, तेव्हा दोष सैनिकांच्या बेशिस्तीवर येत होता. फेअरली यांच्या पथकाने मात्र तेथील जंतूंची तपासणी करून दाखवून दिले की त्यांपैकी काहींना अ‍ॅटेब्रिनची नेहमीची मात्रा पुरेशी पडत नव्हती.