शेल स्क्रिप्टमधून दोन ओळींचा कमिट मेसेज जेसन या डेटा-स्वरूपात घालून कर्ल या कमांडने पाठवला की सर्व्हर ४०० एरर देतो. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने नवी ओळ बदलून पाहिली, फरक नाही. काय करू?

सेडला ती नवी ओळ दिसतच नाही. तो एकेक ओळ उचलतो, तिच्या शेवटचं न्यूलाइन बाजूला काढतो आणि मग शोधाशोध करतो. करामती करून तेही जमतं, पण त्या वाटेला जाऊ नका. आज न्यूलाइनचा प्रश्न सुटेल, उद्या कुणीतरी मेसेजमध्ये दुहेरी अवतरण टाकेल, परवा विंडोजचा पाथ चिकटवेल. आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकाप्रमाणे स्ट्रिंगमध्ये दुहेरी अवतरण, बॅकस्लॅश आणि ० ते ३१ क्रमांकांची सगळी कंट्रोल कॅरेक्टर्स एस्केप करावीच लागतात, म्हणजे बॅकस्लॅशच्या खुणेने लिहावी लागतात. एकूण ३४. एवढ्यांसाठी सेडच्या ओळी कोण लिहीत बसणार?

जेक्यू वापरा, ही जेसन हाताळणारी कमांड आहे. त्याला हायफन-एन द्या, म्हणजे तो इनपुटची वाट बघत नाही. पुढे डबल हायफन लावून आर्ग, एक नाव (समजा, एम) आणि दुहेरी अवतरणात तुमचा शेल व्हेरिएबल. शेवटी एकेरी अवतरणात जेसनचा साचा, त्यात मजकुराच्या जागी नुसतं डॉलर-एम. साचा दुहेरी अवतरणात ठेवलात तर ते डॉलर-एम शेलच गिळतो. आणि डॉलर-एमला वेगळं अवतरण घालू नका, नाहीतर सर्व्हरला मेसेजऐवजी ‘डॉलर-एम’ हीच अक्षरं जातील.

तयार जेसन थेट पाइपने कर्लला द्या. मध्येच एकोने छापू नका. बॅश या शेलचा एको सहसा बॅकस्लॅश-एनला (जेसनमधल्या न्यूलाइनच्या खुणेला) हात लावत नाही, पण उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश नावाचा दुसरा शेल, आणि त्याचा एको बॅकस्लॅश-एनचं पुन्हा खरं न्यूलाइन करतो. जेक्यूने नीट बांधलेलं जेसन तिथे मोडतं, आणि ‘माझ्या मशिनवर तर चालतंय’ हा वाद सुरू होतो. छापायचंच असेल तर प्रिंटएफ, पर्सेंट-एससकट.

अख्खा लॉग पाठवायचा असेल तर आर्ग पुरत नाही. लिनक्सवर एका आर्ग्युमेंटला साधारण १२८ केबीची मर्यादा असते. जेक्यू १.६ पासून रॉफाइल हा पर्याय आहे, तो फाइल थेट वाचतो. शिवाय डॉलर-कंसात कॅट केल्यावर शेवटची न्यूलाइन्स शेल गुपचूप कापतो, तेही इथे होत नाही.

जेक्यू नसेल तर पायथनचं जेसन मॉड्यूल चालेल. त्यातून मराठी मजकूर बॅकस्लॅश-यूच्या आकड्यांत बाहेर पडतो, पण तेही वैध जेसनच आहे.