ग्रँड आर्मीची गावशाखा कशी शोधावी?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या लहान गावात राहते. तिथे अमेरिकन यादवी युद्धातल्या माजी सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ची शाखा, म्हणजे पोस्ट होती म्हणे. तिचा इतिहास कुठे सापडेल?

उत्तर : संघटनेची पहिली पोस्ट 1866 मध्ये इलिनॉयमध्येच, डिकेटरला निघाली. गावाच्या नावाने शोधू नका. पोस्टला बहुधा दिवंगत सैनिकाचं नाव असे. नुसत्या क्रमांकावरही विसंबू नका. क्रमांक राज्यवार असत, शिवाय बंद पडलेल्या पोस्टचा क्रमांक कधी दुसरीला मिळे, आणि घोळ होतो तो इथेच. राज्य, नाव, क्रमांक, वर्ष अशी चौकडी जुळवा. मग राज्याच्या अभिलेखागारात सदस्यांची वर्णनवही मागा : वय, जन्मस्थळ, धंदा, पलटण, भरती नि सुटकेची तारीख, सगळं एका ओळीत. पोस्टच्या बैठकांच्या इतिवृत्तापेक्षा हीच वही कामाची. संघटनेचा शेवटचा सदस्य 1956 मध्ये वारला.