चांगला पगार देऊनही वरच्या पदासाठी माणूस मिळत नाही. कामाच्या वेळेत सवलत दिली तर फरक पडतो का?

पडतो, पण जाहिरातीत नुसतं 'फ्लेक्झिबल' लिहून नाही.

मी पुण्यात भरतीचं काम करते, जास्त करून चाकण-भोसरीच्या कारखान्यांसाठी. एका ठिकाणी फायनान्स हेडची जागा सात महिने रिकामी होती. मालक दर दोन महिन्यांनी आकडा वाढवायचे. शेवटी ज्या बाई आल्या त्या नाशिकच्या. मुलगा दहावीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पगारावर त्यांनी घासाघीस केलीच नाही. तीन दिवस चाकण, दोन दिवस नाशिकहून काम, एवढंच मागणं. मालकांचा पहिला प्रश्न, "मग चेकवर सह्या कोण करणार?" म्हटलं, साहेब, जीएसटीचं रिटर्न डिजिटल सहीने जातं, पेमेंट ऑनलाइन होतं. उरलेले चेक बुधवारी पुढ्यात ठेवा. हसले आणि तयार झाले.

पंचेचाळिशीतल्या माणसाला पगार सगळेच देतात हो. त्याचं अडतं ते बायकोच्या नोकरीवर, मुलांच्या बोर्डावर, आईवडिलांच्या दवाखान्यावर. अमेरिकेतल्या स्टारबक्स या कॉफी कंपनीने 2024 मध्ये ब्रायन निकोलला सीईओ म्हणून घेतलं तेव्हा मुख्यालय सिएटलला आणि त्याचं घर कॅलिफोर्नियात. घर हलवायची अट घातली नाही, वर येण्याजाण्याला कंपनीचं विमान. (त्यावर टीकाही भरपूर झाली.) आपल्याकडे टाटांनी 2008 मध्येच करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी सवडीच्या वेळेचे प्रकल्प सुरू केले होते.

आता प्लांट हेडला घरून काम देता येत नाही, फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला लागते. पण आपल्या भागात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची आणि पोरांना रविवारची. एका उमेदवाराने महिन्यातून दोन रविवार मागितले, बस्स. ते मिळाले नाहीत म्हणून तो दुसरीकडे गेला, आणि तेही कमी पगारावर.

एक मात्र सांभाळा. जे कबूल कराल ते ऑफर लेटरमध्ये लिहा. एका कंपनीत सगळं तोंडी ठरलं होतं. वरचा साहेब बदलला, नव्या साहेबाने विचारलं, "कुठे लिहिलंय?" सहा महिन्यांत माणूस गेला आणि मला तीच जागा पुन्हा भरावी लागली.