जुनी अ‍ॅम्बेसेडर घेतली आहे, तापली की बंद पडते. नवीन कार्बोरेटर बसवू का?

नको. निदान आत्ता तरी नको.

तुमची १९८६ ची मार्क ४, पेट्रोल, चार वर्षं शेडमध्ये उभी होती. सकाळी लगेच सुरू होते, वर्धा रोडवर थोडी पळाली की तापते, खोकते, बंद पडते. थंड झाली की पुन्हा चालू. आणि मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकलाय, "नागपूरच्या उन्हात त्याचं काय काम" म्हणून. हे वाक्य इथल्या प्रत्येक दुसऱ्या गॅरेजमध्ये ऐकू येतं आणि ते साफ चुकीचं आहे.

इंजिनातलं पाणी ८२ अंशांच्या आसपास तापलं की थर्मोस्टॅट उघडतो. मे महिन्यात, बाहेर ४५ असताना, गाडी पळाली की तो पूर्ण उघडाच असतो, मग तो गाडी तापवेल कसा? बंद अवस्थेत अडकला असेल तर तापवतो, पण मग तो बदलायचा. तपासायला पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट त्यात दोरीने टांगा आणि गॅसवर ठेवा. उकळी येण्याआधी उघडला पाहिजे. तो नसला की डिसेंबरात इंजिन नीट गरम होत नाही, चोक ओढून चालवावं लागतं, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात.

धरमपेठेतल्या एका मार्क ४ ची हीच तक्रार होती. थर्मोस्टॅट काढलेला, रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, तरी तापायची. ब्लॉकचा ड्रेन नळ पूर्ण उघडला तर थेंब नाही. आत तार घातल्यावर आधी तपकिरी चिखल आला, मग खपल्या, मग पाणी. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं, त्याचा क्षार आणि गंज मागच्या सिलिंडरांभोवती बसलेला. पाणी नितळ येईपर्यंत होज पाइपने उलट्या बाजूने धुतलं. शिवाय डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना वेळेवर ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पडदा फाटलेला, म्हणून अ‍ॅडव्हान्स मिळत नव्हता, म्हणजे ठिणगी हवी तेवढी लवकर पडत नव्हती, आणि ठिणगी उशिरा पडली की इंजिन तापतंच. (नळी तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट सरकली पाहिजे.) डिस्टिल्ड वॉटर, कूलंट आणि नवा थर्मोस्टॅट टाकून गाडी भर दुपारी उमरेडला जाऊन आली. आधीचा मिस्त्री अजूनही म्हणतो, "रेडिएटर बदलला म्हणून झालं." रेडिएटर तर त्यानेच आधी बदलला होता!

आता बंद पडण्याचं. पुढच्या वेळी बंद पडली की तिथेच प्लगची वायर काढून, तिच्या टोकाला जादा प्लग लावून, तो ब्लॉकला टेकवून सेल्फ मारा. ठिणगी पिवळी, बारीक असेल तर कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून असलेला) किंवा कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी) तापल्यावर दगा देतेय. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्कबिंदू) निळे-काळे पडले असतील तर कंडेन्सरच समजा. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला, पॉइंटची गॅप ०.४ मिमी, प्लगची ०.६. ठिणगी निळी असेल तर पेट्रोल पोचत नाही: पेट्रोलची लाइन एक्झॉस्टजवळून जात असेल तर ती लांब घ्या. इथेनॉलवाल्या पेट्रोलची नळीतच लवकर वाफ होते आणि ते जुन्या रबरी नळ्या आतून फुगवतं, त्यामुळे त्या सगळ्याच बदलून टाका.

तुमच्या गाडीतला एसयू कार्बोरेटर सहसा मरत नाही. त्यातला पिस्टन बोटाने उचलून सोडा, खाली "टक्" असा आवाज आला पाहिजे. अडकत असेल तर पेट्रोलने धुवा. पॉलिश पेपर लावलात तर कार्बोरेटर गेलाच. डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरच्या ऑइलच्या नळीत) २० ग्रेडचं ऑइल. थ्रॉटलचा स्पिंडल (अ‍ॅक्सिलरेटरने फिरणाऱ्या झडपेचा दांडा) सैल होऊन हलत असेल तरच नवीन कार्बोरेटरचं बोलू.

हे सगळं ब्रेकनंतर, हे आधी लिहायला हवं होतं. चार वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर हमखास गळतात. चारही ड्रम उघडा, फ्लुइड बदला. टायरवरच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन म्हणजे वर्ष, तेही पाहा.

आणि मिस्त्री थर्मोस्टॅट बसवायला नाहीच म्हणाला तर स्वतः बसवा. हेडवर पुढे, वरच्या होजच्या एल्बोखाली, तीन नट. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, गॅस्केट नवं.